वाचकांचे प्रश्न: कार्टूनमधली पोरं कॉलेजला जाऊन नक्की करतात काय?

गेल्या अंकात मी लिन जॉन्स्टन या कॅनेडियन बाईंच्या 'फॉर बेटर ऑर फॉर वर्स' या कॉमिक स्ट्रिपवर लिहिलं होतं. त्यात जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की या स्ट्रिपमधलं घर शंभर नंबरी आणि कॉलेज मात्र निव्वळ खोटं. त्या एका वाक्यावरच पत्रांचा पाऊस पडला, काहींना पटलं, काही भयंकर चिडले, एकाने तर माझं स्वतःचं कॉलेज कुठलं तेच विचारलं (सांगणार नाही). तर यावेळचा सगळा कॉलम त्यावरच.

ज्यांना स्ट्रिप माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७९ ते २००८ अशी जवळजवळ तीस वर्षं रोज पेपरात येणारी ही पट्टी. टोरांटोजवळच्या मिलबरो नावाच्या काल्पनिक गावात राहणारं पॅटरसन कुटुंब, आई एली, बाबा जॉन डेंटिस्ट, मोठा मायकल, मधली एलिझाबेथ, आणि बऱ्याच उशिरा झालेली एप्रिल. खासियत ही की पात्रं खऱ्या काळाबरोबर मोठी होतात. म्हणजे पहिल्या वर्षी डायपरमध्ये असलेली पोरगी शेवटच्या वर्षी नवरी. साहजिकच मधे कधीतरी कॉलेज येतं, आणि तिथेच गाडी घसरते.

मिसिसागा, कॅनडाहून एक वाचक: ताई, इथल्या लायब्ररीत या स्ट्रिपची जुनी पुस्तकं मिळतात, मी आणि माझी लेक दोघी वाचतो. लेक इथेच ओंटारियोत युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला आहे. मायकलचे कॉलेजचे भाग वाचून म्हणाली, आई हा माणूस सबमिशन कधी करतो? तेव्हाचं कॉलेज खरंच एवढं निवांत होतं का?

छे हो, निवांत कसलं! उलट मायकल ज्या काळात शिकतोय तो ओंटारियोच्या विद्यार्थ्यांसाठी चांगलाच तापलेला काळ होता. १९९५ मध्ये माइक हॅरिसचं सरकार आलं, त्यांनी युनिव्हर्सिट्यांच्या अनुदानाला कात्री लावली आणि फी भराभर वाढत गेली. ओसॅप म्हणजे सरकारी स्टुडंट लोन, ते घेतलेल्या पोरांच्या डोक्यावर डिग्रीबरोबर कर्जही आलं. मायकल ओंटारियोतल्या लंडन शहरात वेस्टर्न युनिव्हर्सिटीत आहे, पत्रकार व्हायचंय त्याला, म्हणजे बातमी अक्षरशः दाराशी येऊन उभी आहे, पोरगं रोज पेपर वाचणारं असणार, आणि स्ट्रिपमध्ये पैसा येतो तो बहुतेक वेळा गमतीपुरता. डेंटिस्टचा मुलगा आहे म्हणा, त्याचं भागत असेल, पण त्याच्या आजूबाजूची सगळीच डेंटिस्टची पोरं नव्हती ना.

एलिझाबेथच्या वेळी तर याहून मोठी संधी होती. ओंटारियोत पूर्वी बारावीनंतर तेरावीसारखं आणखी एक वर्ष असायचं, ते २००३ मध्ये बंद केलं, आणि त्या एका वर्षी बारावीवाले आणि तेरावीवाले दोन्ही बॅचेस एकदम युनिव्हर्सिटीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. सीटची मारामारी, हॉस्टेलची मारामारी, आईबाप हवालदिल. आपल्याकडे अकरावीच्या ऑनलाइन अ‍ॅडमिशनच्या वेळी घराघरात जे होतं ना, तसंच काहीसं. नेमकी तेव्हाच एलिझाबेथ नॉर्थ बेच्या निपिसिंग युनिव्हर्सिटीत टीचर व्हायला शिकत होती, म्हणजे जिला पुढे शाळेतच जायचंय तिच्या डोळ्यांसमोर आख्ख्या प्रांताची शिक्षणव्यवस्था ढवळून निघत होती! आणि स्ट्रिपचं लक्ष कशावर, तर कोण कोणाबरोबर फिरतंय.

आता हे असं का, तर मला त्याचं कारण बाईंच्या स्वतःच्या आयुष्यात दिसतं. लिन जॉन्स्टन व्हँकूवरच्या आर्ट स्कूलमध्ये होत्या पण ते पूर्ण न करताच अ‍ॅनिमेशन स्टुडिओत कामाला लागल्या. पुढे लग्न झालं ते डेंटिस्टशी, मुलांची नावं अ‍ॅरन मायकल आणि केथरीन एलिझाबेथ, म्हणजे मधली नावं उचलून स्ट्रिपमध्ये घातली आणि घर तिथून आलं. घराच्या बाबतीत त्यांना कल्पना करायची गरजच नव्हती, सिंकमधली भांडी, ओले मोजे, गाडीत मागच्या सीटवरची भांडणं, सगळं समोर घडत होतं. कॉलेज मात्र त्यांनी पाहिलं ते बहुतांशी आईच्या बाजूने. म्हणजे फोन आला की काय कळतं तेवढं. आणि तुमची लेक फोनवर तुम्हाला काय सांगते? जेवले, बरी आहे, थंडी आहे, पैसे टाक. सबमिशनचं रामायण सांगत बसते का? नाहीच सांगत.

म्हणूनच बघा, मुलगा घर सोडतो तेव्हाचे भाग, रिकामी खोली, सुट्टीत धुण्याची पिशवी घेऊन घरी येणं, हे सगळं आजही वाचताना घशाशी येतं. कॅमेरा दारातून बाहेर पडून हॉस्टेलात गेला की मात्र चित्र ब्लर. लेकीला सांगा, ती हुशार आहे, तिने बरोब्बर नस पकडलीय.

ठाण्याहून एक वाचक, इंजिनिअरिंग तिसरं वर्ष: मायकल आणि डिअ‍ॅनाची स्टोरी मी ऑनलाइन वाचली. प्राथमिक शाळेतली क्रश, गाव सोडून गेलेली, आणि थेट अ‍ॅक्सिडेंटमध्ये सापडते?? आमच्या वर्गात कोणी असं सांगितलं असतं तर आम्ही त्याला महिनाभर सोडलं नसतं.

सोडूही नये! ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मायकल आणि त्याचा रूममेट जोसेफ वीडर, ज्याला सगळे वीड म्हणतात, तो फोटोग्राफर, हे दोघं एका गाडीच्या अपघाताच्या ठिकाणी जाऊन पोचतात. अंगात नवीन नवीन पत्रकारिता भिनलेली, त्यामुळे पहिल्यांदा त्यांना त्यात बातमी दिसते. मग कळतं की आतली जखमी मुलगी म्हणजे डिअ‍ॅना सोबिन्स्की, लहानपणी मायकल जिच्यामागे वेडा होता ती. पुढे अर्थातच प्रेम, लग्न, दोन पोरं.

मला खरं सांगायचं तर हा योगायोग एकवेळ चालला असता. एक कोटीच्या वर लोकसंख्येच्या प्रांतात नेमकी तीच गाडी, ठीक आहे, आयुष्यात असं कधी कधी होतं आणि कथेला एक योगायोग माफ असतो. उलट त्या प्रसंगात एक फार चांगला धागा होता, की दुसऱ्याच्या रक्तबंबाळ अवस्थेचा फोटो काढायचा का, बातमी आधी की माणूस आधी. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा खरा प्रश्न पडला तो तिथे. त्यावर दोन आठवडे काढले असते तर मी आज हा कॉलम लिहीत बसले नसते. पण जखमी मुलगी ओळखीची निघाली आणि प्रश्न तिथेच विरघळला, कारण आता ती लव्हस्टोरी झाली.

आणि हे एकदाच झालं असतं तरी म्हटलं असतं जाऊ दे. पण एलिझाबेथचं बघ ना. ती निपिसिंगला जाते, तिथे एरिक भेटतो, तो फसवतो. मग ती टीचर होऊन उत्तरेला म्टिग्वाकी नावाच्या काल्पनिक ओजिब्वे आदिवासी वस्तीत शिकवायला जाते (हा स्ट्रिपमधला खूप सुंदर काळ आहे, हे सोडू नकोस), तिथे पॉल नावाचा पोलीस भेटतो, तोही शेवटी दुसरीच्याच मागे जातो, मधे एक हेलिकॉप्टर पायलट येऊन जातो. आणि या सगळ्या प्रदक्षिणा घालून झाल्यावर ऑगस्ट २००८ मध्ये, स्ट्रिप संपता संपता, लग्न कोणाशी? अँथनीशी. शाळेतल्या बॉयफ्रेंडशी! जो मधल्या काळात लग्न करून, एक मुलगी होऊन, घटस्फोट घेऊन गावातच हिची वाट बघत बसलेला. तेव्हा वाचक जाम भडकले होते, आणि अँथनी बोअर आहे हे त्यातलं एक कारण होतंच, पण मला वाटतं त्याहून खोल कारण हे आहे की आठ-दहा वर्षांचं तिचं बाहेरचं आयुष्य एका फटक्यात खोडून टाकल्यासारखं वाटलं. बाहेर भेटलेला प्रत्येक पुरुष लबाड आणि गल्लीतला मुलगा तेवढा सज्जन!! हे म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मावशीने ठरवल्यासारखं झालं, की शिका हवं तेवढं, फिरा हवं तिकडे, स्थळ आम्ही बघून ठेवलंय.

माझा मूळ आक्षेप हाच आहे बघ. अभ्यास दाखवला नाही हे मी सोडून देईन. कॉलेजने या पोरांना बदललं नाही, हे मात्र सोडवत नाही. वाचून संपल्यावर एक प्रोफेसर लक्षात राहत नाही, एक पुस्तक नाही, एक असा वाद नाही की ज्याच्यानंतर मायकल घरी येऊन बापाशी वेगळ्या भाषेत बोलला. जसे गेले तसेच परत आले, फक्त उंची वाढली. अपवाद एकच, वीड. तो कॉलेजात मिळाला आणि पुढेही टिकला, पसारा करणारा, कॅमेऱ्यात डोकं घातलेला, आणि त्याच्याबरोबरचे सीन आले की स्ट्रिपला एकदम जान येते. रूममेट हा कॉलेजने दिलेला नातेवाईक असतो, हे बाईंना तिथे बरोबर कळलं होतं.

नाशिकहून एक वाचक: कार्टूनमध्ये लॉजिक कशाला शोधता? उद्या म्हणाल गारफिल्ड मांजर असून बोलतो कसा. चार चौकटी, हसायचं आणि पान उलटायचं.

साहेब, गारफिल्ड बोलला तर मी काही म्हणत नाही. आर्ची कितीतरी दशकं हायस्कूलमध्येच आहे, त्यावरही माझं काही म्हणणं नाही, रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवरून घेऊन मीही ते वाचलंय आणि कधी मनात आलं नाही की याची बारावी कधी होणार. तिथे पहिल्या पानापासून ठरलेलंच आहे की काळ थांबलाय.

पण जॉन्स्टनबाईंनी स्वतःच नियम घातला की माझ्याकडे काळ चालतो. कुत्रा म्हातारा होतो. १९९५ मध्ये छोट्या एप्रिलला नदीतून वाचवताना फार्ली मेला तेव्हा लोक पेपर हातात धरून रडले होते, ते का रडले? कारण तो त्यांच्या घरातल्या कुत्र्याबरोबरच म्हातारा झालेला होता. वाचकाने इतका विश्वास टाकल्यावर त्याच वाचकाला मग तुम्ही सांगू शकत नाही की आता चार वर्षं जरा डोळे मिटा, कॉलेज चाललंय.

आणि तसं सांगायचंच असेल तर सरळ सांगावं. टॉम बॅटियुकने सांगितलं होतं. त्याची 'फंकी विंकरबीन' ही १९७२ पासूनची हायस्कूलची स्ट्रिप, पोरं वर्षानुवर्षं तिथेच. १९९२ मध्ये त्याने जाहीर करून टाकलं की ही मंडळी १९८८ ला पास झाली आणि मधे चार वर्षं गेली. म्हणजे कॉलेज आख्खं गाळलं! एकही चौकट नाही! मला तर हा फार प्रामाणिक मार्ग वाटतो. जमत नाही ना, मग नका दाखवू, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सुरू करा.

ग्रेग इव्हान्सच्या 'लुअ‍ॅन'ची गंमत वेगळीच, १९८५ ला तेरा वर्षांची असलेली पोरगी हायस्कूल पास झाली २०१४ ला. एकोणतीस वर्षं! आपल्याकडे एटीकेटी घेत घेत सुद्धा कोणी इतकं ताणत नाही.

पुण्याहून एक वाचक: तुम्ही सगळा दोष लेखिकेवर टाकताय. पण पेपर तरी छापतील का खरं कॉलेज? दारू, सिगारेट, लिव्ह-इन, डिप्रेशन, सकाळी चहाबरोबर आजोबा वाचणार आहेत ते.

मुद्दा रास्त आहे आणि मला तो मान्यही आहे, पण अर्धाच.

पेपरवाल्यांची भीती खरी होती. स्ट्रिप ऐन भरात असताना दोन हजारांवर पेपरांत जात होती, म्हणजे दोन हजार संपादक, आणि त्यातला प्रत्येक जण पत्रांना घाबरणारा. त्यामुळे एलिझाबेथ एरिकबरोबर एका घरात राहायला जाते तेव्हा स्ट्रिप इतकी अंग चोरून चालते की वाचकालाच अवघडल्यासारखं होतं, आणि मग तो फसवतो, म्हणजे धडा मिळाला, म्हणजे आजोबा खूश.

शिवाय फॉरमॅटच असा की बुधवारचा भाग मंगळवार चुकलेल्या माणसालाही कळला पाहिजे, आणि रोजच्या पट्ट्या काही आठवडे आधी पाठवायच्या, रविवारच्या रंगीत त्याहूनही आधी. रात्रभर जागून केलेला अभ्यास चार चौकटींत कसा काढणार, एक मुलगा बसलाय, अजून बसलाय, अजून बसलाय, झोपला. प्रेमभंग काढायला सोपा, डोळ्यातून पाणी आलं की झालं.

पण याच बाईंनी १९९३ मध्ये काय केलं होतं? मायकलचा शेजारी आणि लहानपणापासूनचा मित्र लॉरेन्स, तो गे आहे हे घरी सांगतो आणि घरातून बाहेर काढला जातो, ही कथा त्यांनी त्याच कौटुंबिक पानावर चालवली होती. अनेक पेपरांनी ते भाग छापायला नकार दिला, काहींनी स्ट्रिपच बंद केली, धमक्यांची पत्रं आली, आणि बाई मागे हटल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी पुलित्झरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या पत्रकारितेच्या मोठ्या पुरस्काराच्या, अंतिम फेरीत नाव होतं. मग ज्या बाईला १९९३ मध्ये हिंमत होती तिला पुढच्याच काही वर्षांत एक नापास झालेला विद्यार्थी दाखवायला संपादकांची भीती वाटली, असं मी तरी मानणार नाही. लॉरेन्सची गोष्ट घरात घडत होती, स्वयंपाकघरात, दारात, आईसमोर. त्यामुळे ती बाईंना आतून दिसत होती. नापास होणं, वर्गात आपण सगळ्यात ढ आहोत हे पहिल्यांदा कळणं, होस्टेलच्या खोलीत ताप आलेला असताना कोणी नसणं, यात दारूही नाही की सिगारेटही नाही, आजोबांनी चवीने वाचलं असतं.

कोल्हापूरहून एक वाचक: नुसती टीका नको ताई, कॉलेज चांगलं जमलेली पेपरातली स्ट्रिप आहे का एखादी?

आहे की! गॅरी ट्रुडोची 'डून्सबरी'. ही मुळात येल युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांच्या पेपरात १९६८ मध्ये 'बुल टेल्स' नावाने सुरू झाली, तो स्वतः तेव्हा तिथे विद्यार्थी होता, आणि २६ ऑक्टोबर १९७० पासून देशभरच्या पेपरांत डून्सबरी म्हणून यायला लागली. पहिलाच भाग असा की बी.डी. नावाचा फुटबॉलवाला खोलीत बसलाय, रूममेट येणार आहे, कॉम्प्युटरने निवडलेला म्हणजे भारीच असणार असं त्याला वाटतंय, आणि दारातून येतो चष्मेवाला माइक. बस. होस्टेल अलॉटमेंटच्या दिवशी ज्याच्या पोटात गोळा आलाय त्याला पुढे काही समजावून सांगायची गरजच नाही.

आता वास्तवाचाच हिशोब लावला तर ही स्ट्रिप जास्त खोटी. ही पोरं १९७० पासून १९८३ पर्यंत कॉलेजातच! मग ट्रुडोने जानेवारी १९८३ पासून पावणेदोन वर्षं सुट्टी घेतली आणि १९८४ मध्ये परत आला तेव्हा सगळे पास होऊन बाहेर पडलेले. पण तेरा वर्षं एकाच कॉलेजात असूनही ती माणसं खरी वाटतात, कारण ती ज्या गोष्टींवर बोलतात त्या कॉलेजातच बोलल्या जातात. व्हिएतनाम, निक्सन, कोण आळशी आहे, कोणाला पास व्हायचंच नाहीये कारण बाहेर जाऊन करायचं काय. १९७५ मध्ये पुलित्झर मिळालं, रोजच्या कॉमिक स्ट्रिपला मिळालेलं पहिलं.

त्यातला एक भाग मी कधी विसरणार नाही. प्रोफेसर वर्गात लेक्चर देतोय, पोरं माना खाली घालून लिहून घेतायत. त्याच्या लक्षात येतं की कोणी ऐकतच नाहीये, म्हणून तो मुद्दाम काहीतरी भयंकर बोलतो, पोरं लिहून घेतात. मग त्याहून भयंकर, अगदी काळं म्हणजे पांढरं वगैरे, तेही लिहून घेतात, वर एकमेकांत कुजबुजतात की वा, हे माहीतच नव्हतं. प्रोफेसर टेबलावर कोसळतो. पेन आणि वही, एवढंच आहे हो चित्रात. डिक्टेशनवर डिग्री घेतलेल्या आपल्यासारख्यांना हे अमेरिकेचं आहे असं वाटतही नाही.

आणि अजून एक किस्सा. पुढे माइकची मुलगी अ‍ॅलेक्स कॉलेजला जायची वेळ आली, २००६ मध्ये, तेव्हा ट्रुडोने वाचकांनाच ऑनलाइन मत द्यायला सांगितलं, एमआयटी, कॉर्नेल की रेन्सलेअर. एमआयटीच्या पोरांनी काय केलं, प्रोग्रॅम लिहून धडाधड मतं पाडली! ट्रुडोने निकाल रद्द न करता तो तसाच मान्य केला आणि पोरगी एमआयटीला गेली. एमआयटीचं याहून खरं वर्णन त्याला स्वतःला बसून सुचलं नसतं.

पेपरच्या कौटुंबिक पानाबाहेरचं चालणार असेल तर होर्हे चॅमचं 'पाइल्ड हायर अँड डीपर' बघा, सगळे पीएचडी कॉमिक्स म्हणतात. १९९७ मध्ये स्टॅनफर्डच्या पेपरात सुरू झालं, चॅम तेव्हा तिथे मेकॅनिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करत होता. सेमिनारला जायचं ते फुकट खाणं असेल म्हणून, गाइडची ईमेल आली की पोटात कसं होतं, थिसिस कुठवर आला हे घरच्यांनी विचारलं की काय सांगायचं. अमेरिकेत शिकणारी आपली किती मराठी पोरं हे दारावर चिकटवून बसलेली असतात. त्यात प्रेमप्रकरणं फारशी नाहीत, कारण वेळच नाही कोणाला.

चिंचवडहून एक वाचक: आपला चिंटू कॉलेजला गेला तर?

नको हो! चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये आणलेला चिंटू वाढला असता तर आज तोच चिंटूच्या बाबांच्या वयाचा होऊन ईएमआय भरत बसला असता. तिथे करार वेगळा आहे, तो वाढणार नाही हे आपल्याला माहीत आहे आणि त्यालाही माहीत आहे. त्याला राहू द्या तिथेच.

छत्रपती संभाजीनगरहून एक वाचक, आर्किटेक्चर दुसरं वर्ष: मी कॉलेजवरची मराठी स्ट्रिप काढतेय, इन्स्टावर टाकते. मैत्रिणी म्हणतात लव्हस्टोरी टाक, त्याशिवाय लोक बघत नाहीत. काय करू?

टाक की, लव्हस्टोरीला माझा विरोध थोडाच आहे. कॉलेजात प्रेम होत नाही असं मी म्हटलं तर मलाच हसतील. फक्त ती कॉलेजातून उगवू दे. म्हणजे असं बघ, दोघंजण भेटतात ते अपघातात नको, शीट जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारताना भेटू दे! काचेखाली ट्यूबलाइट लावलीय, दुसऱ्याची शीट खाली, आपली वर, रात्रीचे अडीच वाजलेत आणि एकाच काचेवर दोघांचा नंबर लागलाय. हे ज्याने केलंय तो पहिल्याच चौकटीत तुझा झाला, आणि ज्याने नाही केलं त्यालाही कळेल की चोरी चाललीय आणि दोघंही सामील आहेत. तिथून प्रेमच काय, भांडण, ब्लॅकमेल, काहीही काढता येईल तुला.

तू आत बसलेली आहेस हे तुझं भांडवल आहे. जॉन्स्टनबाईंकडे तीस वर्षांचा हात होता, माणूस रेषेत पकडायचं त्यांचं कसब तुझ्यामाझ्यापेक्षा शंभर पटीने मोठं, पण त्यांना जे फोनवर ऐकून काढावं लागलं ते तुझ्या समोर रोज घडतंय. जर्नल सर्टिफाय करून घ्यायला सरांच्या केबिनबाहेरची रांग. व्हायवाला एक्स्टर्नल आलाय आणि मॉडेल रिक्षात मोडलंय. मेसमध्ये महिनाअखेरीस येणारी पातळ डाळ. मूळच्या गावाकडून आलेली रूममेट जी पहिले दोन महिने कोणाशी बोलली नाही आणि मग गॅदरिंगला स्टेजवर चढली. घरी फोनवर 'हो जेवले' म्हणणारी मुलगी आणि तिच्या मागे उघडं मॅगीचं पाकीट, हे तर तू एका चौकटीत काढशील, आईलाही कळेल आणि पोरींनाही.

एक मात्र कर, सरांना माणूस म्हणून काढ. सगळ्या स्ट्रिप्समध्ये सर एकतर झोपाळू नाहीतर राक्षस. तुझ्या कॉलेजात एखादे तरी असतीलच ना, ज्यांनी तुझं ड्रॉइंग फाडलं आणि मग तासभर बसून परत काढायला शिकवलं? त्यांचा राग आलाय तोवरच काढ, पाचव्या वर्षापर्यंत ते आवडायला लागतात आणि मग नीट काढता येत नाहीत.

नायिकेचं लग्न कोणाशी होणार ते आत्ता ठरवू नकोस, विचारलं तरी सांगू नकोस. आणि इन्स्टावरच्या लाइक्सचं म्हणशील तर जीटीवाला भाग आधी टाकून बघ, तुझ्या बॅचची निम्मी पोरं एकमेकांना टॅग करतील, उरलेली निम्मी सरांनी बघू नये म्हणून प्रार्थना करतील.